वॉल काढला, तरी गाडी गरमच

मलकापूर, नांदुरा, खामगाव या पट्ट्यात गाडी गरम होऊ लागली की इलाज ठरलेले असतात. आधी रेडिएटरमध्ये पाणी. मग पंखा ‘डायरेक्ट’, म्हणजे चावी फिरवली की इंजिन थंड असो वा गरम, तो आपला फिरत राहील अशी वायर. तरीही काटा लाल रेघेकडे सरकलाच, तर मिस्त्री दोन बोल्ट खोलतो, वरच्या होज पाइपच्या तोंडाशी बसलेली एक छोटी पितळी-पोलादी वस्तू उपसून बाकावर ठेवतो आणि झाकण परत आवळून टाकतो. ‘कायले पाह्यजे आपल्याकडं तो वॉल? थंडीच्या मुलखातलं सामान हाय ते.’ ही वस्तू म्हणजे थर्मोस्टॅट. गॅरेजमध्ये त्याला नुसतं वॉल म्हणतात. एमएच-२८ पाटीची दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी विकत घेतली आणि झाकणाखाली त्याची जागा रिकामी निघाली, तर नवल वाटून घ्यायला नको.

या सल्ल्यात तथ्य किती आणि जुनी सवय किती, हे तपासून पाहण्यासारखं आहे, कारण वॉल खरोखर बिघडतो. तो बंद स्थितीत अडकला तर इंजिन उकळतं, हेडचं गॅस्केट उडतं, हेड वाकतं आणि खर्च पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातो. त्यामुळे मिस्त्रीचा राग अगदीच बिनबुडाचा नाही. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात वॉल अडकतो तो बहुधा पाण्यापायी, आणि तेच पाणी रेडिएटरमध्ये ठेवून वॉल तेवढा काढल्याने काहीच सुटत नाही, असं माझं मत आहे.

वॉलचं काम सोपं आहे. इंजिन थंड असताना तो बंद असतो. पंप पाणी फिरवतो, पण ते इंजिनातल्या इंजिनात आणि हीटरच्या नळीतून. रेडिएटरकडे जाणारी वाट मिटलेली. म्हणून इंजिन लवकर तापतं. वॉलच्या मधोमध एक पितळी डबी असते आणि तिच्यात मेण ठासून भरलेलं असतं. उष्णता आतपर्यंत चटकन पोहोचावी म्हणून त्यात तांब्याची भुकटी मिसळतात. मेण वितळताना दहा-पंधरा टक्के फुगतं, बारीक दांडीला ढकलतं, स्प्रिंग दबते आणि चकती आपल्या जागेवरून सुटते. यात वीज नाही, वायर नाही, सेन्सर नाही. कडेवर एक आकडा कोरलेला असतो, बहुतेकदा ८२ किंवा ८८. ८२चा वॉल त्या तापमानाला उघडायला लागतो आणि ९५च्या आसपास पूर्ण उघडतो. तेव्हा चकती साधारण ८ मिलिमीटर सरकलेली असते. रेडिएटरकडे जाणारी सगळी उष्णता एवढ्याशा फटीतून जात असते.

मेणाची ही युक्ती सर्जियस व्हर्नेट यांनी अमेरिकेत १९३०च्या दशकात काढली. त्याआधीच्या थर्मोस्टॅटमध्ये पटकन वाफ होणाऱ्या द्रवाने भरलेला भाता असायचा. फोर्डच्या बहुतेक मॉडेल टी गाड्यांत तर पंपही नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं, गार झालेलं खाली यायचं, आणि तेवढ्यावर भागायचं. भात्याचा एक गुण होता. तो फुटला की वॉल उघडा राहायचा आणि गाडी फार तर थंड चालायची. मेणाच्या डबीचं उलट. मेण गळून गेलं की दांडीला ढकलायला कोणी उरत नाही, स्प्रिंग चकती मिटवून धरते आणि इंजिन उकळतं. म्हणजे मिस्त्रीची भीती या यंत्राच्या घडणीतच आहे.

आता ‘थंडीच्या मुलखातलं सामान’ या मुद्द्याकडे येऊ. मे महिन्यात घाटाखाली, म्हणजे मलकापूर-खामगावकडे, पारा ४४-४५ला टेकतो, हे खरं. पण इंजिनाला हवं असतं ९०च्या आसपासचं तापमान. बाहेर ४५ असो की १२, दोन्ही त्याच्या फार खाली. एकदा उघडला की वॉल म्हणजे फक्त एक भोक. राजूर घाट चढताना एसी लावून, पाच माणसं घेऊन गाडी तापली तर तिथे मर्यादा रेडिएटरची असते, पंख्याची असते. त्या क्षणी वॉल असून अडचण करत नाही आणि नसून फारसा उपकार करत नाही.

मे महिन्यात वॉल नसल्याचा तोटा मलकापुरात फारसा जाणवणार नाही, हेही कबूल केलं पाहिजे. इंजिन पाच-सात मिनिटांत आपोआप तापतं. फरक पडतो तो डिसेंबर-जानेवारीत, आणि त्यातही घाटावर. बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. थंडीतल्या सकाळी पारा दहा-बाराला येतो. घर ते शाळा, शाळा ते कचेरी अशा दोन-अडीच किलोमीटरच्या फेऱ्यांत बिनवॉलच्या गाडीचं इंजिन धड तापतच नाही. थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि ऑइलमध्येच मिसळतं. ज्वलनातून तयार होणारी पाण्याची वाफ बाहेर पडत नाही. ऑइल भरायचं झाकण उघडून पाहावं: आत पिवळट-पांढरी साय धरलेली असते. ती पाहून काही जण हेड गेलं म्हणून घाबरतात. अ‍ॅव्हरेज घसरलं की आधी पेट्रोल पंपावर संशय, मग एअर फिल्टर बदलतात. तीन वर्षांपूर्वी काढलेल्या वॉलची आठवण कोणालाच येत नाही.

यापेक्षा मोठी गडबड बायपासची आहे. बऱ्याच इंजिनांत वॉलला दोन चकत्या असतात. वरची रेडिएटरची वाट उघडत जाते, तशी खालची बायपासची वाट मिटवत जाते. वॉल काढला की ही खालची वाट कायमची उघडी राहते. पंपाने ढकललेल्या पाण्यातला एक वाटा रेडिएटरला न शिवता तसाच गरम इंजिनात परत येतो. सपाट रस्त्यावर हे लक्षात येत नाही. भर उन्हात, चढावर, लोड असताना काटा चढतो. म्हणजे गाडी गरम होऊ नये म्हणून काढलेल्या वॉलमुळेच ती गरम होते, आणि दोष आता वॉटर पंपावर येतो. माझ्या पाहण्यात असे पंप नाहक बदलले गेले आहेत.

वॉलच्या बाजूने बोलणारेही एक चुकीचं कारण देतात, ते इथेच बाजूला काढू. ‘वॉल नसला की पाणी इतकं पळतं की रेडिएटरमध्ये त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही,’ हे शहाण्यासुरत्या माणसांकडूनही ऐकू येतं. पाणी फिरतं तेच आणि तेवढंच. ते रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबलं तरी दर मिनिटाला जास्त वेळा येतं. प्रवाह वाढला तर उष्णता जास्तच निघते, कमी नाही. वॉल हवा तो बायपासमुळे, तापमान धरून ठेवण्यासाठी, आणि त्याच्या किंचित अडवणुकीमुळे इंजिनाच्या आत दाब राहतो म्हणून; त्या दाबाने हेडच्या तापल्या कोपऱ्यांत पाण्याचे बुडबुडे धरत नाहीत.

काढून टाकायची रीत अ‍ॅम्बॅसडरसारख्या गाड्यांच्या काळातली असावी. बिडाचं जाड इंजिन, पट्ट्यावर सतत फिरणारा पंखा, कार्बोरेटर. अशा इंजिनाला वॉल नसला तरी ते कुरकुरत का होईना चालायचं. काळी-पिवळी जीपवाल्यांनी ती रीत पुढे चालवली, कारण चौदा सवारी भरून बोथ्याच्या घाटात अडकण्यापेक्षा थंड चाललेलं इंजिन परवडायचं. त्या माणसाचं गणित त्या गाडीपुरतं चुकलेलं नव्हतं.

आता पाणी. बुलढाण्याच्या माणसाला घाटावर आणि घाटाखाली हा भेद सांगावा लागत नाही, पण रेडिएटरलाही तो लागू आहे, याकडे लक्ष जात नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला-अमरावतीतून आपल्याकडे येतो. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतली कितीतरी गावं त्यात आहेत. तिथलं विहीर-बोअरचं पाणी पिण्याजोगं नाही, शेतालाही धड चालत नाही. मूत्रपिंडाच्या आजारांच्या निमित्ताने त्यावर पुष्कळ बोललं गेलं. तेच पाणी प्लास्टिकच्या कॅनमधून गाडीच्या डिकीत असतं आणि शेगावच्या वाटेवर काटा चढला की रेडिएटरमध्ये ओतलं जातं. त्यातले क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला खातात; हेड, पंपाचं घर आणि वॉलचं झाकण यांवर बारीक खड्डे पडतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट तापले की चुन्यासारखा थर होऊन चिकटतात, तोही सगळ्यात गरम जागी. घाटावर खारेपणा नाही, पण चिखली-मेहकरच्या काळ्या पाषाणातलं पाणी जडच. चहाच्या पातेल्याच्या बुडाला जो पांढरा थर दिसतो तोच वॉलच्या दांडीवर बसतो. दांडी आणि तिची बसकी यांत जागा किती? केसभर. तिथे थर धरला की मेण कितीही फुगलं तरी चकती तिरकी अडकते, अर्धी उघडते किंवा मिटतच नाही.

इलाज महागडा नाही. रेडिएटरमध्ये कूलंटच हवं, घट्ट कूलंट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. डिस्टिल्ड पाणी म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतो तेच. खामगावात काय, कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतं. कूलंट पाण्याचा बर्फ होऊ नये म्हणून असतं, आपल्याकडे त्याचं काय काम, असं पुन्हा तेच थंडीच्या मुलखाचं तर्कशास्त्र इथेही चालतं. पण त्यातली गंज रोखणारी द्रव्यं उष्ण मुलखातच जास्त कामाची, आणि ग्लायकोलमुळे उकळबिंदूही चढतो. साधं पाणी बुलढाण्याच्या उंचीवर ९८ अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं कूलंट आणि एक बार दाब धरणारं शाबूत झाकण असेल तर तोच आकडा १२५च्या पुढे जातो. वाटेत अडलात आणि हाताशी काहीच नसेल तर आरओच्या जारचं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी बरं. मात्र गावी पोचल्यावर ते काढून कूलंट भरावं.

वॉलवर संशय घेण्याआधी बाकीचे संशयित तपासावेत, कारण ते बाहेरून दिसतात. रेडिएटरचं झाकण: रबर कडक झालं असेल, स्प्रिंग ढिली असेल तर दाब राहत नाही आणि पाणी कूलंटच्या बाटलीकडे फेकलं जातं. पंखा: एसी लावला की फिरतो का? जाळी: कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवर उडणारी रुई आणि सोयाबीन काढणीतला भुस्सा एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत गादीसारखा बसतो. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते, म्हणून कोणी खोलत नाही. यातलं काही नसेल आणि सकाळी थंड इंजिनावरही होज टणक लागत असेल, किंवा झाकण काढून सुरू केल्यावर पाण्यात एकसारखे बुडबुडे येत असतील, तर वॉल सोडा, हेड गॅस्केट पाहा. गरम रेडिएटरचं झाकण कोणत्याही कारणाने उघडायचं नाही, हे इतक्यांदा सांगूनही दर उन्हाळ्यात हात भाजतातच.

वॉलची पहिली परीक्षा गाडीतच होते. सकाळी थंड इंजिन सुरू करून वरच्या होजवर हात ठेवायचा. पहिली काही मिनिटं होज जवळपास थंडच राहिला पाहिजे. काटा मधल्या जागेपाशी आला की मग एकाएकी, अर्ध्या मिनिटात, तो चटका बसेल इतका तापतो. हा क्षण म्हणजे वॉल उघडला. सुरुवातीपासूनच होज हळूहळू कोमट होत गेला तर वॉल उघडा अडकलाय किंवा जागेवर नाहीच. काटा वर चढला, हीटर भट्टीसारखा तापला आणि होज-रेडिएटर अजून गारच, तर वॉल बंद अडकलाय. ताबडतोब इंजिन बंद करा. काही इंजिनांत वॉल खालच्या होजकडे असतो, तिथे ही गंमत खालच्या होजला बघायची. बीएस-४ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखाली निदानाचं सॉकेट असतं. त्यात काहीशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाइलवर पाण्याचं तापमान अंशात दिसतं, आणि डॅशबोर्डवरच्या काट्यापेक्षा ते कितीतरी विश्वासाचं. पुष्कळ गाड्यांचा काटा तापमान दहा-पंधरा अंश इकडेतिकडे झालं तरी मुद्दाम मधोमधच ठेवलेला असतो.

दुसरी परीक्षा गॅसवर. वॉल काढा. थंड असताना चकती बोटांनी जरा उघडून तिच्या फटीत जाड दोरा अडकवा आणि दोऱ्याने वॉल पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत सोडा. बुडाला टेकवू नका. बूड पाण्यापेक्षा जास्त तापलेलं असतं आणि आकडा चुकतो. शेजारी शंभराच्या पुढे वाचणारा तापमापक धरा, तापाचा नव्हे. पाणी हलवत राहा. आकड्याच्या दोन-तीन अंश अलीकडे-पलीकडे चकती दोरा सोडते आणि वॉल टुपकन खाली पडतो. तो काढून पुन्हा थंड पाण्यात टाका आणि चकती पूर्ण मिटते का ते उजेडात धरून बघा. उघडणं सगळे तपासतात, मिटणं कोणी तपासत नाही. यात एक स्थानिक अडचण आहे. ८८चा वॉल पूर्ण उघडायला शंभराच्या पुढचं तापमान लागतं, आणि बुलढाण्यात उघड्या पातेल्यातलं पाणी त्याआधीच उकळून जातं. त्यामुळे तो पूर्ण उघडला नाही म्हणून बाद करू नका. वेळेवर सुटला आणि नीट मिटला की पास. ही परीक्षा दुकानातून आणलेल्या नव्या वॉलचीही करावी. नकली माल डबीवरून ओळखू येत नाही, पातेल्यात ओळखू येतो.

बसवण्यात कौशल्य थोडं, धीर जास्त. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पाणी खालून सोडायचं, कूलंट परातीत धरायचं. ते गोडसर लागतं, कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर मरतात. जुनं गॅस्केट पत्र्याच्या पातीने खरवडताना अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे उठू देऊ नयेत. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, कडेवरचं छोटं हलणारं टिकलीचं भोक सगळ्यात वर. त्या भोकातून अडकलेली हवा निसटते. ते खाली गेलं की हवा धरते, मेणापर्यंत पाणी पोचत नाही आणि नवा कोरा वॉलही उघडत नाही. गॅस्केट किंवा ओ-रिंग नवीच. बोल्ट दोन, लहान, १० किंवा १२चा पाना. इथे जोर करणारा हात नको. अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले की दिवस वाया जातो. भरताना गाडीचं तोंड चढावर, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, आणि कूलंट सावकाश. होज मधूनमधून दाबायचा. पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवायचं, थंड करून पातळी पुन्हा पाहायची. डायरेक्ट केलेला पंखाही याच वेळी मूळ वायरीवर आणावा. नाहीतर पंखा वेळेवर सुरू-बंद होतो का, हे कधीच कळणार नाही.

नव्या गाड्यांनी हा जुना वाद जवळपास निकालात काढला आहे. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं. पाणी ठरल्या वेळात ठरल्या तापमानाला पोचलं नाही तर इंजिनाचा संगणक ते नोंदवतो, चेक इंजिनचा दिवा लावतो आणि पेट्रोल जास्त सोडत राहतो. डिझेल गाडीत तर इंजिन गरम झाल्याशिवाय सायलेन्सरमधल्या फिल्टरची काजळी जळत नाही. वॉल काढलेल्या बोलेरोचा तो फिल्टर तुंबला की खर्च वॉलच्या कितीतरी पट. सीएनजी गाड्यांमध्ये गॅसच्या रेड्युसरला इंजिनाचंच गरम पाणी दिलेलं असतं. पाणी तापलं नाही तर गाडी बराच वेळ पेट्रोलवरच धावत राहते आणि मालक कंपनीला शिव्या घालतो. समृद्धी महामार्गाने आणखी एक गोष्ट उघड केली. अर्धवट उघडणारा वॉल किंवा निम्मा तुंबलेला रेडिएटर घेऊन चिखली-देऊळगाव राजा अशी गाडी वर्षानुवर्षं चालते. तीच मेहकर किंवा सिंदखेडराजाहून समृद्धीवर चढून ताशी १२०ने तासभर पळवली की काटा हलतो. जुन्या साध्या गाड्यांचा वॉल काहीशे रुपयांत येतो. नव्यांत तो प्लास्टिकच्या घरासकट एकजीव येतो आणि पूर्ण घरच बदलावं लागतं, काही हजार रुपये घालून. तिथे तरी तो नुसता काढून टाकायची सोय उरलेली नाही.

निघालेला जुना वॉल मात्र लगेच भंगारात टाकू नये. दांडीवर पांढरा, खरखरीत थर असेल तर पाण्याचा दोष. नवा वॉल बसवण्याआधी सगळी यंत्रणा फ्लश करून कूलंट भरा, नाहीतर दोन उन्हाळ्यांत हाच प्रयोग पुन्हा. तांबूस-तपकिरी चिखल असेल तर बिडाच्या भागांना गंज धरलाय आणि रेडिएटरचं रॉडिंग, म्हणजे नळ्यांची आतून सफाई, करून घ्यावं लागेल. वॉल चकचकीत आहे पण पातेल्यात हललाच नाही, तर मेण गळालं. त्याचं आयुष्य संपलं, कोणाचा दोष नाही. आणि कडेचं रबर फुगून मऊ, तेलकट झालं असेल, तर नवा वॉल बसवून गाडी घरी नेऊ नका. पाण्यात ऑइल उतरतंय. हेड किंवा ऑइल कूलर उघडल्याशिवाय ते थांबणार नाही.